सात फोन, सात टिकल्या

लावता का पैज? ह्या गोष्टीचा शेवट तुमच्यापैकी एकानं जरी आधी वळखला, तर ही माझी मिशी आत्ता ह्या कपात बुडवून दाखवतो. नाय वळखनार तुम्ही! आमच्या म्हातारीला नाय वळखता आला, आन ती तर नुसत्या माझ्या चपलेच्या आवाजावरून सांगती, का आज ह्यानं कुनाची खोडी काढली.

बरं, एक इशारा देतो. शेवटाला मीठ हाय. म्हंजे मीठ नाय. नाय समजलं ना? मंग गप बसून चहा प्या आन ऐका.

आमचं गाव घोटीच्या जवळ, भाताचं. आन मी कोन, तर तिसरीपातूर शिकलेला. मास्तरच्या खुर्चीला काकवी लावली, तवापासून शाळेनं माझा नाद सोडला. सही करता येती. एस्टीचा बोर्ड वाचत नाय, पन आत कोन कोन बसलंय ते बघून गाडी कुठं चालली ते बरोबर सांगतो.

तर असा हा मानूस एका कोर्सात पयला आला. हसू नका! पयला! कसला कोर्स, इचारा ना. लेकरं सांभाळायचा!

त्याचं असं झालं. आमची सून सविता. बारावी पास. लग्नात मीच तिच्या बापाला मांडवात छाती ठोकून सांगितलं व्हतं, "पोरीला फुडं शिकवू, तुम्ही घोर करू नका." सांगायला काय जातंय? पंगत बसायची घाई व्हती. त्याला आठ वर्सं झाली. दोन लेकरं झाली. ती पोरगी एका शब्दानं बोलली नाय. आन औंदा एक दिवस माझ्यासमोर येऊन तिनं फोन धरला.

"नाना, घोटीला पाळनाघर निघतंय. ताई म्हनून घ्यायला तयार हायेत. पन त्याला बालसंगोपनाचा कागद लागतो. फोनवर शिकायचं, परीक्षेपुरतं नाशकात जायचं. मी नाव घातलंय."

इचारलं नाय हां, सांगितलं! आन असं बघितलं का मला तो मांडव आठवला. मी म्हनलं, "झ्याक केलंस!" दुसरं काय म्हननार?

तिचं बघून आळीतल्या आनखी सहा जनींनी नाव घातलं. कोर्स नाशकातल्या इंदिरानगरच्या एका संस्थेचा. घरबसल्या शिका, सोपं, सुटसुटीत, आसं सगळं.

सुटसुटीत! आता काय सांगू तुम्हाला ते सुटसुटीत.

फोनात एक बाई धडा सांगती. चांगलं सांगती. पन मधीच टिंग! वाजतं आन एक चौकट येती. तिच्यावर लिहिलेलं, 'मी आहे'. ती दाबायची, म्हंजे मशीनला कळतं का मानूस समोर हाय, उठून गेलं नाय. आन नाय दाबली तर? धडा पयल्यापासून!

आन चौकट कशी? पांढऱ्यावर राखाडी. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. आन शिंक यायला जेवढा येळ लागतो, तेवढाच येळ राहनार. भाकर थापताना टिंग! धाकटं न्हाऊ घालताना टिंग! सविता पिठाच्या हातानं पळती, काचेला पीठ लागतं, बोट उमटत नाय, गेला धडा बोंबलत. परत आपली बाई, "नमस्कार मैत्रिणींनो..."

'बाळाची मालिश' हा धडा तिनं पाच येळा बघितला. मी सहज इचारलं, "सविता, पायाला मालिश खालून वर का वरून खाली?"

तर म्हनती, "मला काय म्हाईत नाना! मी त्या टिंगची वाट बघत व्हते!"

बघा आता. बाई शिकवती लेकरू सांभाळायला, आन ह्या शिकल्या काय, तर घंटा सांभाळायला!

तेवढ्यात आवनी आली. तुम्हाला सांगायला नको, भाताची रोपं लावायला गुडघाभर चिखलात दिवसभर उभं राहावं लागतं, आन सगळ्या आळीच्या बाया शेतात. तिथं कुठला फोन? आन तिकडं कोर्सवाल्यांचा नियम, का महिना संपायच्या आत सगळे धडे पुरे झाले तरच परीक्षा.

सविता उंबऱ्यात बसली. म्हनाली, "जाऊ द्या नाना. फुडच्या वर्षी बघू."

फुडच्या वर्षी! आठ वर्सं ते वाक्य ह्या घरात कोन बोलत व्हतं? मीच की! माझंच वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आन मला कसंतरी झालं.

म्हनलं, "ठिव फोन हितं. मी दाबतो."

माझा गुडघा गेलेला, मला चिखलात कोन नेनार? दिवसभर ओट्यावरच असतो.

"नाना, ही लबाडी हाय."

"लबाडी कसली? मी ऐकतो, आन सांजच्याला तुला सगळा धडा सांगतो. मधी फक्त माझं बोट."

"तुम्हाला वाचता कुठं येतं? काय दाबाल, कुठं दाबाल?"

आता इथं माझं डोकं बघा! म्हातारीची टिकल्यांची पाकिटं असतात ना? त्यातली एक लाल टिकली घेतली. सविताला म्हनलं, चौकट कुठं येती ते बोट ठिवून दाखव. तिनं दाखवलं. बरोबर त्या जागी काचेवर टिकली चिकटवली. टिंग वाजलं का टिकली दाबायची! वाचायचं काम नाय, शोधायचं काम नाय. आंधळ्यालाबी जमंल.

म्हातारी म्हनली, "आवो, माझ्या कपाळाची टिकली फोनला लावली?"

म्हनलं, "फोनचं कपाळ उजळलं बघ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साती जनींचे फोन माझ्या बाजेवर. सात फोन, सात टिकल्या. सविताच्या फोनचा आवाज मोठा, बाकी सहांचा बारीक. मी मधी बसलेलो, जसा काय तबलजी! टिंग, इकडं दाब. टिंग, तिकडं दाब. आन टिकलीमुळं टिंगची धास्तीच नाय राहिली, म्हनून कान सगळा बाईकडं.

आन सांजच्याला? साती जनी पाय धुऊन आमच्या ओट्यावर. मी एक दुधी भोपळा टॉवेलात गुंडाळायचो. ते आमचं बाळ. "हे बघा, मान आशी धरायची. मालिश करताना पोटावर जोर नाय द्यायचा. पाजल्यावर उभं खांद्यावर घ्यायचं, पाठीवर थापायचं, ढेकर आल्याबिगर आडवं करायचं नाय." मी भोपळ्याची ढेकर काढून दाखवायचो, तोंडानं! बाया लय हसायच्या, आन हसता हसता सगळं ध्यानात राहायचं त्यांच्या. आठ दिवसात नऊ धडे हिरवे, म्हंजे पुरे. सविता म्हनली, "नाना, त्या बाईपेक्षा तुम्ही बरं शिकवता."

आता मला सांगा, आसं कुनी म्हनल्यावर मानूस फुगनार का नाय? मी फुगलो. आन तिथंच घात झाला.

एक दिवस सकाळी बघतो तर फोनातलं समदं रंगीत झालेलं. निळं, पिवळं, झालरी आल्यावानी. म्हनलं वा, कोर्सवाल्यांनी रंगरंगोटी केली. धडा लागला, 'सहा महिन्यांनंतरचं वरचं खाणं'. टिंग वाजलं. मी टिकली दाबली. टिंग थांबलं, बाईबी थांबली, आन वर एक लाल दिवा लुकलुकायला लागला. म्हनलं, ही नवी शोभा असंल. थोड्या येळानं दिवा गेला आन बाई परत बोलायला लागली. "नमस्कार मैत्रिणींनो..."

तुम्ही म्हनाल, नाना, तुला तवा कळायला पायजे व्हतं. आवो, मला उलट बाईचं कौतिक वाटलं! म्हनलं, किती जीव तोडून शिकवती, तेच तेच परत सांगती. बाळाच्या खान्यात वरसभर मीठ नको, साखर नको. मध चाटवू नको. पेज मऊ पायजे. परत टिंग. परत टिकली. परत लाल दिवा. परत, "नमस्कार मैत्रिणींनो..."

त्यात माझा दोस्त किसन येऊन बसला. तो काय गप बसनारा हाय का? आन मी?

"काय ऐकतो रे नान्या?"

"आरं, ही बाई म्हनती लेकराला वरसभर मीठ नाय द्यायचं. बिनमिठाची नाचनीची पेज! गिळंल का कुनी? हिला एकदा सात वाट्या भरवा, मंग बोलायची नाय."

"आपल्याला तर बाळपनी काजळबी घालायचे."

"ही म्हनती घालू नका. मंग आपन काय आंधळे झालो? आन मध चाटवायचा नाय म्हनती, मंग बारशाला काय चाटवायचं, चटनी?"

किसन हसतोय, मी दाबतोय, सात दिवे लुकलुकतायेत. मंग गोष्टीतून गोष्ट निघाली. किसन म्हनला, "नान्या, पेज जाऊ दे. अलकीच्या कोंबड्याचा रस्सा आठवतो का?"

अलका आमच्या शेजारची, साती जनींतलीच एक. दोन वर्सांमागं तिचा तांबडा कोंबडा गेला व्हता. सगळी आळी मांजराला दोष देत व्हती.

मी म्हनलं, "मांजर बिचारं फुकट बदनाम झालं! पिसं मांजराच्या जागेवर कुनी टाकली, म्हनून इचार मला!" आन आमी दोघं इतकं हसलो, इतकं हसलो, का मी हसता हसता तीन टिकल्या एकदम दाबल्या.

तीन दिवस! तीन दिवस तोच धडा. बाया सांजच्याला इचारायच्या, "नाना, आजबी वरचं खानंच?"

"लय महत्त्वाचा धडा हाय," मी म्हनायचो. "बाई सोडायलाच तयार नाय."

चौथ्या दिवशी सविता भाकरी बांधत व्हती आन तिचा फोन वाजला. इंदिरानगरच्या मॅडम. सवितानं आवाज मोठा केला.

"सविताताई, तुमच्या आणि तुमच्या गावातल्या आणखी सहा जणींच्या नावावर तीन दिवसांत शंभराच्या वर शंका आल्या आहेत. सगळ्या बोलून पाठवलेल्या. आणि सगळ्या एकाच पुरुषाच्या आवाजात. हे काय आहे?"

सविताचं तोंड पांढरं झालं. मॅडम म्हनाल्या, "सोमवारी साती जणी या. आणि त्या गृहस्थांना घेऊन या. त्यानंतर तुमची नावं ठेवायची की काढायची ते ठरवू."

सवितानं फोन ठेवला. नखानं टिकली काढली. टिकलीच्या खाली काय, तर एक भोंग्याचं चित्र आन अक्षरं. तिनं वाचून दाखवली, 'शंका विचारा'. लाल दिवा लागला का माझं बोलनं सगळं भरून मॅडमकडं जात व्हतं! आन आपलं 'मी आहे'? ते रंगरंगोटीत वरच्या कोपऱ्यात जाऊन बसलेलं! कोर्सवाल्यांनी चौकटीची जागा हलवली, आन माझ्या टिकलीला कुनी सांगितलंच नाय.

पोरीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हनली, "महिना संपायला चार दिवस राहिले नाना." आन शेतात गेली. जन्मभर मी लोकांच्या खोड्या काढल्या, पन त्या दिवशी जेवन गेलं नाय मला.

सोमवारी इंदिरानगर. मॅडमचं हापिस, गुळगुळीत फरशी, साती जनी भिंतीला लागून उभ्या, मी मधी टोपी हातात घेऊन. मॅडमनी काय केलं? माझ्या शंका लावल्या! आख्ख्या हापिसात माझा आवाज. "बारशाला काय चाटवायचं, चटनी?" एक कारकून टेबलाखाली वाकला, हसायला. मंग ती सात वाट्यांची. आन मंग, देवा, कोंबडा!

"पिसं मांजराच्या जागेवर कुनी टाकली, म्हनून इचार मला!"

अलकानं माझ्याकडं बघितलं. आन पदर खोचला.

मॅडम म्हनाल्या, "आजोबा, हजेरी तुम्ही लावलीत. मग या शिकल्या काय?"

म्हनलं, "त्यांनाच इचारा."

मॅडमनी एकेकीला इचारलं. मालिश कशी? ढेकर कशी? मध का नाय? साती जनी घडाघडा! एक तर म्हनली, "थांबा, भोपळा असता तर करूनच दाखवलं असतं."

मॅडम बघतच राहिल्या. "कुणी शिकवलं?"

सात बोटं माझ्याकडं.

तवा मला धीर आला. म्हनलं, "मॅडम, राग नका मानू. जरा हात ओले करा. आन तुमच्याच फोनवर तुमचाच धडा लावा. मधी ह्या कारकून साहेबांना चार कामं सांगा. आन ती चौकट दाबून दाखवा."

बाई दिलाची! उठल्या, हात ओले केले, बसल्या. टिंग! पयल्या येळेला बोट निसटलं. दुसऱ्या येळेला चौकट दिसलीच नाय. तिसऱ्या येळेला कारकुनानं काहीतरी इचारलं आन गेलं. "नमस्कार मैत्रिणींनो..." स्वतःचाच आवाज ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला.

म्हनलं, "सांगा बरं, ह्या येळात बाई काय शिकवत व्हत्या?"

मॅडम हळूच म्हनाल्या, "मी ऐकलंच नाही. मी घंटेकडे बघत होते."

"आसंच आमच्या बायांचं व्हतं मॅडम. आन त्यांच्या हाताला पानी नाय, चिखल असतो."

मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. "खरं सांगू? इतक्या महिन्यांत या कोर्सात एकानंही शंका विचारली नव्हती. पहिल्या शंका तुमच्या. आणि निम्म्या चांगल्या होत्या. ऐकणारा एकच निघाला, तोही नाव न घातलेला."

बघा! लिहून घ्या! पयला आलो म्हनतो ते उगाच नाय.

पन बाई न्यायाचीबी पक्की. म्हनाल्या, राहिलेले धडे साती जनींनी स्वतः बघायचे, त्याला आठ दिवस वाढवून दिले. आन करून दाखवायची परीक्षा कडक घेनार, सूट नाय. कोर्सातली ती घंटाबी त्यांनी काढायला लावली. आता धडा जिथं थांबवला तिथूनच लागतो, आन दाबायचं बटन हिरवंगार, भाकरीएवढं. हिकडं कुनीबी तो कोर्स करत असंल ना, तर ते बटन माझ्या टिकलीची लेक हाय, ध्यानात ठिवा.

साती पास! सविता तर लय वर. आता घोटीला पाळनाघरात जाती, निळी साडी, गळ्यात नावाची पट्टी. बाजारच्या दिवशी मी मुद्दाम तिथून जातो. आतून लेकरं 'ताई, ताई' करतात, आन मी बाहेर उभा राहून येनाऱ्याजानाऱ्याला सांगतो, "ती ताई हाय ना, ती आमची सून. आन तिला शिकवलं कुनी?" तिच्या बापालाबी फोन करून सांगितलं, मांडवातला शब्द पुरा केला म्हनून. उशीर झाला, पन केला.

फुकट नाय पुरा झाला पन. किंमत मोजावी लागली. कुनाला? सांगतो.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर प्लास्टिकची बाहुली ठेवलेली. मॅडमनी ती उचलली आन कपाटात ठेवून दिली. म्हनाल्या, "हिला काही शंका नाहीत. नानांना आहेत. बसा नाना खुर्चीत."

माझ्या गळ्यात लाळेरं बांधलं. झालरीचं, वर बदक. मिशीखाली बदक! म्हातारी मुद्दाम गावाहून आलेली, पदरात तोंड घालून हसती. आन समोर काय? नाचनीची पेज. बिनमिठाची, बिनसाखरेची. परत माझाच आवाज लावला त्यांनी, "एकदा सात वाट्या भरवा, मंग बोलायची नाय."

"शंका विचारलीत," मॅडम म्हनाल्या, "आता उत्तर घ्या."

एकेकीनं एकेक वाटी. मऊ चमच्यानं, तोंड पुसत, "घे माझ्या सोन्या" करत. सवितानं तिसरी भरवली, आन भरवताना तिला इतकं हसू आलं का डोळ्यांतून पानी. दर वाटीनंतर खांद्याला टेकून पाठीवर थाप, ढेकर आल्याबिगर मार्क नाय! सातवी अलका. तिनं चमचा ठेवला आन पळी घेतली. तळापातूर भरवली. ढेकरीची थाप दिली. ढेकर आली. मॅडम म्हनाल्या, "छान, झालं."

"नाय झालं मॅडम," अलका म्हनली, आन हात असा वर उचलला.

तर हिशोब घ्या. सात वाट्या बिनमिठाच्या, आन पाठीवर आठ थापा. सात ढेकरीच्या, एक कोंबड्याची.